दमयंतीबाईंची रूथ

दमयंतीबाईंना शास्त्र, म्हणजे बायबल, पाठ होतं, आणि सगळी गोम तिथंच होती. पाठ नसतं, चार लोकांसारखं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असतं, तर बाई आज सुनेच्या हातचा चहा पीत पडवीत बसलेल्या दिसल्या असत्या.

रत्नागिरीत परटवण्याच्या उतारावर त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर. नवरा सुहास एस.टी.च्या वर्कशॉपात होता. मुलगा विनीत शाळेत असतानाच सुहास गेला. बाईंनी बालवाडीत नोकरी करून मुलगा वाढवला, आणि रविवारी चर्चमध्ये पोरांची शाळा घेतली. तीही इतकी वर्षं, की आज मंडळीत पुढच्या बाकावर जे पोट सुटलेले, टक्कल पडलेले बाप्ये बसतात ते सगळे बाईंचे धपाटे खाऊन मोठे झालेले. अजूनही बाई आत आल्या की ते सरळ बसतात.

शिकवायची त्यांची एक तऱ्हा होती. गोष्ट ऐन रंगात आली की त्या थांबायच्या, भुवया वर करायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. पुढचं वाक्य पोरांनी म्हणायचं. आणि सगळ्यात रंगायची ती रूथची गोष्ट. बेथलेहेमची नामी दुष्काळात नवरा आणि दोन मुलगे घेऊन परक्या मवाब देशात गेली. तिथं नवरा गेला, मुलांची लग्नं झाली, मग मुलगेही गेले. उरल्या तीन विधवा, एक सासू आणि दोन सुना. नामी आपल्या गावी परत निघाली तेव्हा सुनांना म्हणाली, बायांनो, आपापल्या आईच्या घरी जा, तुम्ही तरुण आहात, पुन्हा संसार करा. धाकटीथोरली दोघी रडल्या. अर्पा मुका घेऊन माघारी गेली. आणि रूथ? इथं बाईंच्या भुवया वर जायच्या, आणि सगळी खोली ओरडायची, "तुम्ही जाल तिथं मी येणार! तुमचे लोक ते माझे लोक! तुमचा देव तो माझा देव!"

"शाब्बास," बाई म्हणायच्या, आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक लिमलेटची गोळी पडायची.

आता गंमत बघा. शेकडो पोरांना हे उत्तर शिकवलं, पण स्वतःच्या सुनेला ही गोष्ट बाईंनी कधी सांगितलीच नाही.

सून म्हणजे अक्षया. लांज्याकडच्या एका गावातल्या बौद्ध घरातली मुलगी. रत्नागिरीत औषधांच्या दुकानात कामाला होती. विनीत मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक. त्याचा हात यंत्रात सापडून बोट फाटलं, पट्टी आणायला दुकानात गेला, आणि बोट बरं झालं तरी पट्ट्या आणायला जातच राहिला. बाईंच्या लक्षात आलं तेव्हा घरात पट्ट्यांचा ढीग झालेला. "काय रे, दवाखाना काढतोयस?" त्यांनी विचारलं, तेव्हा त्याने सांगून टाकलं.

बाईंनी आकांडतांडव केलं असं नाही, पण महिनाभर तोंड पाडून होत्या. शेवटी रजिस्टर लग्न झालं. लग्नाच्या आदल्या दिवशी विनीत आईपाशी बसला आणि म्हणाला, "आई, एकच मागणं आहे. तिच्यामागे शास्त्र लावू नको. तिला वाटलं तर ती आपणहून विचारील. तिच्या घरी त्यांचा धम्म आहे, तो तिला पुरतो."

"मी कशाला लावीन?" बाई फणकारल्या. पण शब्द दिला तो पाळला. नाताळात अक्षया चर्चमध्ये यायची, मागच्या बाकावर बसायची, गाणी सुरू झाली की ओठ हलवायची. घरी आल्यावर करंज्या लाटायला मात्र पुढे. आई, आई करत बाईंच्या मागे. बाईंचे गुडघे दुखायचे तर रोज संध्याकाळी तेल लावून द्यायची, नको म्हटलं तरी. बाई शेजारणीला सांगायच्या, "देवाने मुलगी दिली नाही म्हणून कुरकुरत होते, तर ही पाठवलीन." हे त्या अक्षयाच्या देखत कधी बोलल्या नाहीत. सुनेला फार डोक्यावर चढवू नये, ही जुनी शिकवण.

आणि मग एका पावसाळ्यात विनीतला ताप आला. लेप्टो, डॉक्टर म्हणाले. आठवड्याच्या आत होत्याचं नव्हतं झालं. सहा फुटांचा उमदा पोर, मातीआड गेला.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बाई पडवीत चटईवर बसायच्या, डोळे कोरडे, आणि येईल त्याला एकच सांगायच्या, "माझं आता कोणी उरलं नाही. भरलं घर होतं, देवाने रिकामं केलं." शेजारी अक्षया बसलेली असायची. पाण्याचे तांबे भरायला ती उठायची, पुन्हा येऊन तिथंच बसायची.

महिन्याची प्रार्थना झाली आणि दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ दीपक तिला न्यायला आला. चांगला मुलगा होता. दारात चपला काढून म्हणाला, "मावशी, आईने विचारलंय. थोडे दिवस हिला नेऊ का? का कायमची नेऊ? तुम्ही सांगाल तसं."

अक्षया खांबाला धरून उभी होती. ती म्हणाली, "आई म्हणतील तसं."

आणि इथं बाईंच्या डोक्यात ती गोष्ट उभी राहिली. अगदी जशीच्या तशी. नवरा गेलेला, मुलगा गेलेला, तरणी सून समोर. बाईंना वाटलं, आपण नामी आहोत. आणि नामीने जे म्हटलं ते त्या म्हणाल्या, "जा बाय. तुझ्या आईच्या घरी जा. तू तरुण आहेस, पुन्हा संसार कर. माझ्यापाशी काय ठेवलंय?"

म्हणाल्या आणि थांबल्या. भुवया वर गेल्या की नाही देव जाणे, पण मन तसंच थांबलं होतं, वर्गात थांबायचं तसं. आता ही म्हणेल. आता म्हणेल.

"जाऊ मी?" अक्षयाने विचारलं.

"जा."

"आई, खरंच जाऊ?"

"जा म्हणते ना!" बाईंचा आवाज चढला. शास्त्रात नामीनेही पुन्हा पुन्हा जा म्हटलं होतं. पुन्हा पुन्हा म्हटलं तरच रूथचं खरं कळतं ना!

अक्षया आत गेली. कपड्यांची आवराआवर ऐकू येत होती, तरी बाईंची खात्री होती. पिशवी घेऊन ती बाहेर आली, पाया पडली, आणि अगदी बारीक आवाजात तिसऱ्यांदा म्हणाली, "येऊ मग?"

बाईंनी मान हलवली. ती पायऱ्या उतरली, दीपकने पिशवी घेतली, दोघं उताराने खाली गेली. बाई दारात बसून राहिल्या. वळणावरून मागे फिरेल. रिक्षात बसता बसता उतरेल. दिवे लागणीपर्यंत त्या दारातून हलल्या नाहीत. शेजारीण चहा घेऊन आली तेव्हा बाई म्हणाल्या, "रूथ समजत होते. अर्पा निघाली."

त्या दिवसापासून बाई कडू झाल्या. तोंडाने कडू तर त्या आधीपासूनच होत्या हो, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण हे आतलं कडू होतं. नाताळच्या सकाळी अक्षयाचा फोन आला, त्यांनी वाजू दिला. ईस्टरला आला, तोही. पुढच्या वर्षी यायचा थांबला, तर म्हणाल्या, "बघा, विसरली. मढं निवायच्या आत विसरली." एकदा, विनीतच्या वर्षाला, ती फुलं घेऊन कबरस्तानात आली होती. बाई तेव्हा दमा उठून घरी पडलेल्या. पण मंडळीतल्या दोघीतिघी तिथं होत्या, आणि बाईंकडून ऐकून ऐकून त्यांचीही मनं इतकी आंबलेली की एकीनेही तिला बस म्हटलं नाही. फुलं ठेवून ती गेली. हे त्या बायकांनी बाईंना मोठ्या फुशारकीने सांगितलं, आणि बाईंना, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची त्यांना पुढे फार लाज वाटणार होती.

अशी काही वर्षं गेली.

या मंडळीत एक जुनी रीत आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, प्रभुभोजनाच्या आधी बायका एकत्र बसून कडू जेवतात. इस्राएल लोकांनी मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटताना वल्हांडण सणाचा कोकरा कडू भाजीबरोबर खाल्ला, त्याची आठवण म्हणून. प्रत्येकीने घरून काहीतरी कडू आणायचं. कोणी कारल्याची भाजी, कोणी कुड्याच्या शेंगा, कोणी कडुलिंबाचा कोवळा पाला. गूळ घालायचा नाही, हा नियम. दरवर्षी एखादी घालतेच, आणि दरवर्षी तिच्या भाजीवर सगळ्या तुटून पडतात. जेवणानंतर कोणीतरी चार शब्द बोलायचे. यंदा चर्चच्या पाळकांच्या पत्नी तेजस्वीवहिनींनी बाईंना सांगितलं, "बाई, यंदा तुम्ही बोला. शास्त्रातला कडूपणा, हाच विषय घ्या."

"माझ्याइतका तो कोणाला ठाऊक!" बाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या, जराशा घाबरतच.

बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि झकास बोलल्या. ते मान्य करायलाच हवं. आधी त्यांनी मारा नावाच्या जागेचं पाणी घेतलं. रानात तहानेने जीव चाललेल्या लोकांना पाणी सापडलं, तोंड लावलं तर कडू. मग मोशेने देवाने दाखवलेलं झाड त्यात टाकलं आणि पाणी गोड झालं. "लक्षात घ्या," बाई म्हणाल्या, "देवाने दुसरी विहीर नाही दाखवली. तेच पाणी गोड केलं." मग कडू भाजी. "सुटका झाली त्या दिवशी देवाने कडू खायला सांगितलं. का? तर गुलामी विसरू नका. पण भाजी जिभेवर ठेवायची असते, साठवून ठेवायची नसते." मग वधस्तंभ. तिथं प्रभूपुढे पित्त घातलेला द्राक्षारस धरला. "त्याने चाखला. प्याला नाही. आणि कोणाला पाजलाही नाही." मग त्या म्हणाल्या की नव्या करारातल्या एका पत्रात कडूपणाच्या मुळाबद्दल लिहिलंय. ते मूळ हरळीसारखं असतं, वर एक पातं आणि खाली सगळी बाग पोखरलेली.

बायका माना डोलवत होत्या. बाई स्वतःही रंगल्या होत्या. हे सगळं आपल्याबद्दल आहे, हे त्यांच्या अजून ध्यानीमनी नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, त्यातलीच गत.

शेवटी नामी आली. तिने सुनांना तीनदा जा म्हटलं आणि रूथने काय उत्तर दिलं, ते सगळं बाईंनी सांगितलं. "नामी म्हणजे मनोहर, गोड. ती बेथलेहेमात परत आली तेव्हा बायका धावत आल्या, अगो, ही नामीच ना? तर ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कडू म्हणा. भरलेली गेले होते, देवाने मला रिकामी परत आणलं." डोळे भरून आले. सगळ्यांना कळलं की बाई आता स्वतःचंच सांगतायत. दोघींनी पदर डोळ्यांना लावले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, एक विचारू?"

ती दर्शना होती. राजापूरकडची मुलगी, गेल्या वैशाखात लग्न होऊन मंडळीत आलेली. तिने ही गोष्ट जन्मात पहिल्यांदाच ऐकली होती. तिची सासू शेजारीच होती, तिने कोपर मारलं, तरी ती बोललीच.

"ती बाई रिकामी आले म्हणाली, तेव्हा रूथ तिथंच होती ना, बाजूला?"

"होती," बाई म्हणाल्या.

"मग रिकामी कशी? एवढं चालत आली बिचारी तिच्यासाठी, आणि ही गावासमोर म्हणते माझ्यापाशी कोणी नाही. रूथला किती लागलं असेल!"

सगळ्या बाईंकडे बघायला लागल्या. दर्शनाला वाटलं आपण चुकलो, म्हणून तिने हसण्यावारी न्यायचं बघितलं. "नाय, म्हणजे रूथ ग्रेटच. आमच्या आईंनी मला तीनदा जा म्हटलं असतं तर मी बाय पिशवी उचलून गेलेच असते. काय उत्तर द्यायचं ते मला कुठं ठाऊक होतं आजपर्यंत!"

सगळ्या खो खो हसल्या. तिची सासूही हसली. "जाशील कुठं, राजापूरची गाडी वेळेवर असते का कधी?" म्हणाली, आणि पुन्हा हशा.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाची कड धरली. तेजस्वीवहिनींनी पाणी दिलं, त्यांना वाटलं दमा उठला. बाईंनी "प्रार्थना करूया" एवढंच म्हटलं आणि प्रार्थना दुसऱ्याच कोणीतरी केली.

घरी येऊन त्या पडवीत बसल्या. आणि जे इतकी वर्षं दिसलं नव्हतं ते सगळं एकदम दिसलं. चटईवर आपण बसलोय, माझं कोणी उरलं नाही म्हणतोय, आणि शेजारी ती बसलीय. तिचाही नवराच गेला होता की! तिला कोणी विचारलं होतं? आपण विचारलं? आणि तो दिवस. जाऊ मी? खरंच जाऊ? येऊ मग? तीनदा विचारलं पोरीने. एखाद्या बाईला जायचंच असतं तर ती तीनदा कशाला विचारील? आपण परीक्षा घेत बसलो. धडा न शिकवता परीक्षा! अशी मास्तरीण बालवाडीतसुद्धा एक दिवस टिकली नसती. आणि नापास केलं ते केलं, वर गावभर निकाल वाचून दाखवला.

"मेले, काय केलंस गो तू हे," बाई स्वतःलाच म्हणाल्या. विनीत गेल्यावर न आलेलं रडू त्या दिवशी आलं.

शुक्रवारची तीन तासांची उपासना झाली, त्यातलं त्यांच्या कानात काही शिरलं नाही. शनिवारी त्यांनी दीपकला फोन लावला. त्याने आधी कोण बोलतंय ते पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "तिचं लग्न करून दिलं, मावशी. लांज्यात असते. चांगली आहे. आता कशाला?"

"माफी मागायची आहे," बाई म्हणाल्या.

त्याने पत्ता सांगितला. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी बाई सकाळच्या गाडीने लांज्याला गेल्या. मनात काय होतं? माफी तर होतीच. पण खोटं कशाला बोला, त्याच्या खाली एक आशाही होती. देवाने तेच पाणी गोड केलं होतं ना. ती आई म्हणून गळ्यात पडेल. येत जाईल, जात जाईल. माहेर म्हणून येईल हवं तर. एवढीच इच्छा होती, पण तिच्यासाठी बाई सगळी वाट देवाला विनवत होत्या.

घर बाजाराच्या मागे, चिऱ्याचं, नवं बांधलेलं. अंगणात अक्षया कपडे वाळत घालत होती. जरा भरली होती. बाईंना बघून हातातला टॉवेल तसाच राहिला.

"या," ती म्हणाली. पुढे आई वगैरे काही लावलं नाही.

आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. नवरा शाळेत क्लार्क, तो कामावर गेलेला. तिची सासू सोनूबाई पाटावर बसून कैऱ्या चिरत होती, मांडीत दोनेक वर्षांची नात. सानवी तिचं नाव. "बसा वो बाय," सोनूबाई म्हणाल्या, "अक्षयाने सांगितलंय मला तुमचं. तुमच्या हातच्या करंज्यांचं लय सांगते." आणि त्या घावने करायला उठू लागल्या तर अक्षयाने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "आई, तुम्ही बसा. गुडघा दुखतोय ना, मी करते."

बाईंनी मान खाली घातली.

सोनूबाई बोलक्या. चिरता चिरता सांगत होत्या, "हिला आणायचं ठरलं तेव्हा भावकी म्हणाली, विधवा कशाला करता? मी म्हटलं, तिचं मन मोडलंय, तुमची भांडी मोडली काय? आमची हाय ती, संपलं." पोरगी त्यांच्या मांडीत कैरीची फोड चोखत तोंड वाकडं करत होती. बाईंनी हात पुढे केले, तर ती आजीच्या पदरात शिरली.

घावने खाऊन झाल्यावर अक्षया बाईंना मागच्या पडवीत घेऊन गेली. बाई रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरल्या. शास्त्रातलं एक वाक्य आठवलं नाही, आणि तेच बरं झालं.

"माझी चूक झाली बाय," त्या म्हणाल्या. "तुला जा म्हटलं. तू नको म्हणावंस म्हणून जा म्हटलं. असलं कोणी करतं का? पण मी केलं. वर तुलाच नावं ठेवली. लोकांकडून ठेववली."

अक्षया पायरीवर टेकली.

"तुम्हाला मी नको होते असंच वाटलं मला," ती म्हणाली. "विनीत होते तोपर्यंत मी त्यांच्यासाठी. ते गेल्यावर कशाला. तुम्ही सगळ्यांना सांगत होतात ना, कोणी उरलं नाही म्हणून. मी म्हटलं, खरंच आहे, मी कोण?" मग ती थोडंसं हसली, रडू येत असलं की हसतात तसं. "स्टँडवर लांज्याची गाडी लागली, मी दीपकला म्हटलं ही नको. दुसरी लागली, म्हटलं ही पण नको. तो चिडला. मला वाटत होतं तुम्ही रिक्षा करून मागनं याल."

"मी दारात बसले होते," बाई म्हणाल्या. "तू वळणावरून परत येशील म्हणून."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एक स्टँडवर, एक दारात, मधे दहा मिनिटांचा रस्ता. मग अक्षया रडली, बाईही रडल्या. अक्षयाने त्यांचा हात धरला. माफ केलं, म्हणाली. मनापासून म्हणाली, बाईंना कळलं तसं. पण हात धरला तो पाहुण्याचा धरतात तसा. गळ्यात ती पडली नाही. आतून सोनूबाईंनी हाक मारली, सानवीने कैरीचा रस डोळ्यात घालून घेतला होता. "आले आई," म्हणत अक्षया उठून गेली, आणि बाई पडवीत एकट्या उरल्या. रागवायला कोणी नव्हतं. सोनूबाईंवर रागवावं तर ती बाई देवासारखी.

परतीच्या गाडीपर्यंत अक्षया सोडायला आली. थांब्यावर बाईंनी धीर करून विचारलं, "फोन केला मधूनअधून तर चालेल?"

"चालेल की. माझा नंबर बदललाय. द्या तुमचा फोन, घालून देते."

बाईंनी फोन दिला. अक्षयाने यादी उघडली. बाईंना एकदम आठवलं, जुना नंबर त्यात होता. विनीतनेच घालून दिलेला, 'सूनबाई' म्हणून. इतकी वर्षं शिव्या घातल्या, पण तो काढायला हात धजला नव्हता. अक्षयाने तो बघितला. अंगठा थांबला.

"हा बंद झालाय," ती हळूच म्हणाली. "काढून टाकू ना?"

बाईंच्या गळ्याशी आलं, राहू दे. बंद असला तर असू दे, राहू दे. पण त्यांना वाटलं, आपल्याला आता काय हक्क? त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "टाक."

अक्षयाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली बघून काय ते केलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. गाडी आली. "सावकाश जावा, काकू," ती म्हणाली. गाडी हलेपर्यंत उभी राहिली, हातही हलवला.

पालीच्या अलीकडे बाईंनी फोन उघडला. 'गॅस नाचणे रोड', 'रिक्षा मिरकरवाडा' असल्या कामापुरत्या नंबरांबरोबर यादीत एक नवं नाव होतं, 'अक्षया लांजा'. सूनबाई नव्हती. आणि मग बाईंच्या लक्षात आलं की पोरीने आजही विचारलं होतं. काढून टाकू ना, म्हणून विचारलं होतं, आणि उत्तराची वाट बघत थांबली होती.

कंडक्टर तिकीट विचारायला आला तेव्हा त्यांना पटकन गावाचं नाव सांगता आलं नाही.